गप्प राहायची जागा

संध्याकाळी सहाच्या सुमारास पाटवळच्या देवळासमोर उत्तरा घोगळे एकटी उभी राहिली. पुण्याहून आणलेला लाकडी उंबरठा तिने मांडावर, म्हणजे नाटकाच्या जागेवर, आडवा ठेवला आणि शेजारी राखेने भरलेलं सूप ठेवलं. तासाभराने ती त्या सुपातल्या राखेत पडली होती, आबा पाटवळकर तिच्यावर तांदूळ टाकत होते आणि अख्खी जत्रा टाळ्या वाजवत होती.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात नाटकांवर लिहीत असे आणि उत्तराच्या त्या प्रयोगासाठीच तिच्यासोबत पाटवळला गेले होते.

तिने ज्या गोष्टीचं नाटक केलं होतं, ती त्या पंचक्रोशीत पोराटोरांनाही पाठ होती. तिन्हीसांजेला खाडीपलीकडून एक बाई होडीतून उतरते आणि मायलेकाच्या एका घरी आसरा मागते. पुढे ती त्या घरची सून होते. तिच्या पायगुणाने म्हशीचं दूध वाढतं, विहीर आटत नाही, सगळं बरं चाललेलं असतं. मग सासूच्या ध्यानात येतं, की ही नेहमी सगळ्यांच्या मागून चालते आणि पदराच्या शेवाने आपली पावलं पुसते. सासू उंबरठ्यावर राख पसरते. सकाळी राखेत पावलं दिसतात, पण उलटी. सून आत आलेली आणि बोटं बाहेरच्या दिशेला. ती हडळ निघते. मग गावचा घाडी येतो, भुतंखेतं उतरवणारा. तो तिला तीनदा नाव विचारतो. तिसऱ्यांदा तिला मूळ नाव सांगावंच लागतं, आणि नाव सांगितलं की तिची ताकद सरते. घाडी मंतरलेले तांदूळ टाकून तिला पाडतो आणि चिंचेच्या खोडात खिळून टाकतो.

आबांची दशावतार कंपनी दर जत्रेला हे आख्यान लावायची. आबा घाडी व्हायचे. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. हडळीचं काम अकरा हंगाम उत्तम घोगळे नावाच्या मुलाने केलं. तो हडळ होऊन आला, की बायका पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघायच्या. पंचक्रोशीत त्याचे फोटो दुकानांत लावलेले असत, साडीतले.

मग उत्तम मुंबईला गेला. सगळे उपचार पुरे करून, दोन वर्षांनी ती उत्तरा होऊन परत आली आणि साडी नेसून सरळ आबांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन उभी राहिली.

पुढचं तिने मला एसटीत सांगितलं. उंबरठा आमच्या दोघींच्या पायांत आडवा होता. कंडक्टर दर थांब्याला त्याला अडखळत होता आणि दर वेळी विचारत होता, “घर बाकीचं मागच्या गाडीन येताहा काय?”

“आबांनी मला खुर्ची दिली,” उत्तरा म्हणाली. “आतून चहा मागवला. मी पिईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, ‘कंपनीत बायल चालणा नाय.’ बस्स. एवढंच.”

“काय वाटलं?”

“आईसुद्धा तोवर मला ‘बाबू’ म्हणत होती, हेमा. ह्या माणसाने पहिल्यांदा मला बाई म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर बाहेर काढलं.” ती खिडकीबाहेर बघत हसली. “पण चहा पाजून काढलं हो. ते विसरायचं नाही.”

पुण्यात येऊन तिने तीच गोष्ट एकटीने करायला घेतली, हडळीच्या बाजूने. सासू, नवरा, घाडी, सगळी कामं तीच करायची. छोट्या सभागृहांत प्रयोग झाले, कौतुक झालं, मीही केलं. प्रत्येक प्रयोगानंतर चर्चा असायची आणि प्रत्येक चर्चेत कोणी तरी सभ्य गृहस्थ, अतिशय सहानुभूतीने, विचारायचे, “आणि मुळात तुमचं नाव काय होतं?” उत्तरा म्हणायची, “पुढचा प्रश्न.”

“पाटवळला हे कोणी विचारणार नाही,” ती एसटीत म्हणाली. “तिथे सगळ्यांना ठाऊकच आहे.”

तिला पाटवळच हवं होतं. जत्रेच्या दिवशी मांड कंपनीचा असतो, त्यामुळे आबांचा होकार लागणार होता. तिने निरोप धाडला तेव्हा आबांनी कळवलं, की रात्रीच्या नाटकाआधी, संध्याकाळी करावं. आणि तिने दुसरीही गोष्ट विचारली होती: लोक शेवटपर्यंत बसले, तर पुढच्या हंगामात बाईच्या कामाला बाई घ्याल का? त्यावर आबांचं उत्तर होतं, “लोक बसले तर बघू.”

एवढ्या चार शब्दांवर ती बाई उंबरठा घेऊन आली होती.

देवळामागच्या पडवीत कंपनीचे लोक सामान लावत होते. मधोमध पेटारा होता. त्यात देवांचे मुखवटे आणि मुकुट असतात आणि कोणीही त्याला नमस्कार केल्याशिवाय रंगायला बसत नाही. आबा पेटाऱ्याला टेकून बसले होते. सत्तरीचे, बारीक, कानांत भिकबाळीची रिकामी भोकं. कोपऱ्यात भिवाकाका मृदंगाला कणीक थापत होते.

“आबा, पाया पडतंय,” उत्तरा म्हणाली.

“पड. पण थंयसून. पेटाऱ्याक लागा नको.” मग त्यांनी उंबरठ्याकडे बघितलं. “ह्यो खंयसून आणलंस?”

“पुण्यासून.”

“पुण्यात उंबरठे बरे मिळतत. घरां काय लोकांका मिळनत नाय म्हणतत, पण उंबरठे असतत.”

भिवाकाका खी खी करून हसले. उत्तराही हसली आणि दोन पावलं पुढे गेली. आबांनी हात आडवा केला.

“बायलमाणसान पेटाऱ्याक हात लावचो नाय. तुका म्हायत असा.”

“म्हायत असा. परत एकदा म्हणा.”

“काय?”

“बायलमाणूस.”

“गे बाय, डोक्यार पडलंस काय?”

“म्हणा तर. ह्या भिवाकाकांसमोर.”

“बायलमाणूस, बायलमाणूस, बायलमाणूस,” आबा म्हणाले. “झाला समाधान? आता लांब रव.”

ती लांब राहिली. पण चेहरा असा झाला होता, की जणू काही मिळालं.

आबांनी माझ्याकडे हनुवटी केली. “ही कोण?”

“पेपरात लिवता.”

“मगे लिवा, मॅडम. आबान मांड दिलो. पण ह्याच्या नाटकात लोक निजले, तर रातच्या नाटकाक त्यांका उठवतलो कोण, ताही लिवा.” मग पुन्हा तिच्याकडे वळून, पण या वेळी चेष्टा सोडून, “एकटीच बोलतलंस? समोर कोणच नाय?”

“कोणच नाय.”

“समोर कोण नसताना बोलूचा म्हणजे येड्याचा काम. एकान टाकूचा, दुसऱ्यान झेलूचा, ह्याका नाटक म्हणतत. अडाकलंस तर? काढतलो कोण?”

“अडाकणार नाय.”

“सगळे अडाकतत. सातेरीच्या जत्रेक काय झाला हुता, आठवता?”

उत्तराने तोंडावर हात ठेवला. भिवाकाकांनी मृदंग बाजूला ठेवून मला समजावून सांगितलं. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेलं, भाषणं जागच्या जागी करायची. सातेरीच्या जत्रेत उत्तम राणी झाला होता आणि आबा राजा. राजा लढाईत मेला, राणीने विलाप सुरू केला आणि मधेच राणीला शब्द सुचेना. मांड गप्प.

“मी मेलेलो हुतंय,” आबा म्हणाले. “तरी उठान बसलंय. म्हटलंय, ‘राणी, रडा नको, माझो जीव अजून घुटमळताहा.’ दोघा बोललो, तिना धागो धरल्यान, मगे मी परत मेलंय.”

“लोकांका कळला पण नाय,” भिवाकाका म्हणाले.

“कळात कसा? मांडार गप्प ऱ्हवणा म्हणजे मराण. माणूस मेलेलो चालता, मांड मेलेलो चालणा नाय.”

उत्तरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आबा, आज पहिल्या खुर्चीर बसा.”

“बसतंय. दुसरीकडून माका ऐकाक येणा नाय.”

जत्रा भरत होती. एका हाताला बायका, दुसऱ्या हाताला पुरुष, मधे देवळाकडे जायची वाट. खाजं विकणाऱ्यांच्या भट्ट्यांचा धूर खाली बसला होता. आबांची खुर्ची अगदी पुढे होती, त्यांच्यामागे मानकरी. भिवाकाका आणि पेटीवाले आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले होते, रात्रीसाठी. या प्रयोगात त्यांचं काही काम नव्हतं.

उत्तरा गर्दीच्या मागच्या टोकाकडून आली, पाठमोरी चालत. पुरुषांच्या बाजूने शिट्टी आली. कोणी तरी ओरडलं, “उत्तम इलो रे!” हशा झाला. ती थांबली नाही. पाठमोरीच मांडापर्यंत आली, उंबरठ्याशी थांबली आणि ज्या दिशेने आली होती तिकडे बघतच पहिलं वाक्य बोलली.

“पाय उलटे नायत माझे. घर सोडून निघालंय ना, तेव्हा घर नजरेआड होऊ नये म्हणून पाठमोरी चाललंय. खाडीपर्यंत. होडीत पण पाठमोरीच बसलंय. तुम्ही नुसती पावलां बघितलास.”

बायकांची बाजू गप्प झाली. पुरुषांच्या बाजूला थोडा वेळ लागला.

पुण्यातल्यापेक्षा ती कितीतरी बरं करत होती. सासू झाली, तेव्हा बायका खो खो हसल्या, कारण सासूची चाल गावातल्या कुठल्या तरी सासूची होती आणि ती सासू समोर बसलेली होती. म्हशीची धार काढली तेव्हा एका म्हाताऱ्याने “पान्हो सोडल्यान रे” असं मोठ्याने म्हटलं. मग हडळीचं आवरणं आलं. ती आरशासमोर बसते, कुंकू लावते आणि दारावर टकटक झाली की पहिल्यांदा पाय झाकते. चेहरा नाही, पाय. टकटक पुन्हा होते, ती पुन्हा पाय झाकते. एवढंच तीनचार वेळा. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, “गरीब बापडी.”

राख पसरायची वेळ आली, तेव्हा तिने सूप उचललं आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईपुढे धरलं. पुण्यात या जागी लोक हसून मान हलवत. इथल्या बाईने सूप घेतलं, उठली आणि घरचंच काम असल्यासारखी उंबरठ्यापुढे राख नीट पसरून, हात झटकून परत जाऊन बसली.

मी आबांकडे बघितलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते. ओठ हलत होते.

मग घाडी. उत्तराने खांद्यावर पंचा टाकला, आवाज खाली उतरवला आणि तो थेट आबांचा आवाज झाला. लोकांनी ओळखला, हशा आणि टाळ्या एकदम आल्या. आबाही हसले. “कोण गे तू?” घाडीने विचारलं. पंचा खाली ठेवून ती हडळ झाली, गप्प राहिली. पुन्हा पंचा. “खंयची? कोणाची?” पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा पंचा. “नाव सांग!”

तिने पंचा उंबरठ्यावर ठेवला, सरळ उभी राहिली आणि लोकांकडे बघू लागली.

नाटक याच जागेसाठी होतं. हडळ उत्तर देत नाही. बराच वेळ नुसती बघत उभी राहते, विचारणाऱ्यांनाच आपल्या प्रश्नाची लाज वाटू लागेपर्यंत. मग राखेवरून, लोकांच्या डोळ्यांदेखत, साधी सरळ पावलं उमटवत बाहेर निघून जाते. नाव न सांगता. पुण्यात त्या जागी लोक श्वास रोखून बसत.

पाटवळला कोणी तरी खोकलं. खाजेवाल्याच्या कढईचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. उत्तरा उभी होती. बायकांच्या बाजूने कुजबूज आली, “काय झाला गे?” आणि दुसरी म्हणाली, “इसारला वाटता.” भिवाकाकांचा हात आपोआप मृदंगावर गेला. उत्तरा उभी होती. मला दिसत होतं, की अजून थोडा वेळ आणि ही शांतता लोकांच्या गळी उतरणार. बायकांच्या दोन रांगा तर बोलायच्या थांबल्याही होत्या.

तेवढ्यात आबा उठले.

खांद्यावरचं उपरणं त्यांनी एका झटक्यात कमरेला बांधलं आणि मांडावर आले, ते घाडी होऊनच. त्या वयाच्या माणसाच्या अंगात तो आवाज कुठून आला, मला सांगता येणार नाही.

“गप्प ऱ्हवान सुटतलंस असा वाटता तुका? ह्या मांडार मी चार पिढ्यांची भुतां उतरवलंय! सांग, कोण तू?”

मांड फुटला. शिट्ट्या, टाळ्या. भिवाकाकांनी मृदंगावर थाप दिली, पेटीने सूर धरला. उत्तराने त्यांच्याकडे मान वळवली. तिच्या तोंडावर मला आधी काहीच दिसलं नाही. मग तिचं तोंड उघडलं.

“भूत तू समाजतंस म्हणान भूत. ह्या घरचा पाणी भरलंय, म्हस दुवलंय. भूत असा करता?”

“कामां मोलकरीण पण करता. कामान कोण सून होणा नाय!”

“मगे कशान होता? तू सांग. तुझ्या मंत्रान?”

बायका हसल्या. आबा दोन पावलं मागे सरले, मृदंगाच्या ठेक्यावर, आणि तीही सरली. अकरा हंगामांची सवय होती ती. एकाने टाकायचं, दुसऱ्याने झेलायचं. ते टाकत होते, ती झेलत होती आणि परत फेकत होती. काही क्षण मला वाटलं, ती जिंकते आहे. तिचं प्रत्येक उत्तर त्यांच्या प्रश्नापेक्षा धारदार होतं. पण आख्यानाला आपली वाट असते, आणि दोघांनाही ती पायाखालची होती.

“नाव सांग,” आबा म्हणाले.

“उत्तरा.”

“ह्या वरचा नाव. मूळ नाव सांग.”

ती थांबली.

“मूळ नाव!” आबांनी हात वर केला. मृदंग चढला. पुरुषांच्या बाजूने कोणी तरी ओरडलं, “सांग, सांग!” मग दोनचार जण, मग बायकाही. वाईटपणाने नव्हे, हे मला लिहायलाच हवं. सगळे हसत होते, टाळ्यांवर ठेका धरत होते. नाटक रंगलं होतं. “नाव सांग! नाव सांग!”

“तिसऱ्यांदा इचारतंय. मूळ नाव!”

“उत्तम,” ती म्हणाली.

जत्रेने जो जल्लोष केला, तसा मी त्याआधी किंवा नंतर कुठल्या नाटकात ऐकलेला नाही. “उत्तम! उत्तम!” लोक उभे राहिले होते. एक म्हातारी डोळे पुसत होती. त्यांचा उत्तम परत आला होता. आबांनी खिशात हात घालून तांदूळ काढले आणि टाकले, आणि ते अंगावर पडताच ती आख्यानात पडायची तशी पडली, राखेत, डावा हात डोक्याखाली. आबांनी कमरेचं उपरणं सोडून तिच्यावर पांघरलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, “पोर माझा!”

पुन्हा टाळ्या.

ती उठली, उपरणं घडी करून उंबरठ्यावर ठेवलं आणि चालू पडली. सरळ, लोकांमधून, राखेवर पावलं उमटवत. नाटकात ठरलं होतं तशीच. कोणी बघितलं नाही, कारण सगळे आबांकडे बघत होते.

मी तिची पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत धावत गेले. ती एसटीच्या थांब्यावर उभी होती, केसांत तांदूळ.

“मुद्दाम केलं त्यांनी?” मी विचारलं.

“तू होतीस ना तिथे.”

“मग तू बोललीस कशाला? गप्प उभी राहायचंस.”

“तुला काय माहीत!” ती पहिल्यांदाच माझ्या अंगावर आली. “त्या आवाजाने टाकलं, की माझ्या तोंडातून येतं. मी बोलत नाही, ते येतं. त्यानेच शिकवलंय मला. त्यालाही ते ठाऊक आहे.” मग केसांतले तांदूळ झटकत, “बाकी अख्ख्या जत्रेने विचारलं असतं तरी मी नाव दिलं नसतं.”

गाडी आली. “उंबरठा?” मी विचारलं.

“राहू दे त्यांनाच.”

मी तिच्याबरोबर गेले नाही. दोन्ही बाजू घेतल्याशिवाय बातमी होत नाही. सकाळी मी आबांच्या खळ्यात गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, आतून चहा मागवला. खूश होते.

“खंय असा ती? पाया न पडता गेली.”

“आबा, तुम्ही मधे का उठलात?”

“मधे? पोरगी अडाकली हुती. तुमका दिसला नाय? काकुळतीन बघी हुती लोकांकडे.”

“ती अडकली नव्हती. तिथे गप्प राहायचं असं ठरलेलं होतं. तेच नाटक होतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ. “गप्प ऱ्हवणा नाटक?”

“हो.”

“पुण्यात असात,” ते म्हणाले. चहाचा घोट घेतला. “हंय नाय.”

“आणि नाव? मूळ नाव कशाला विचारलंत?”

“मी खंय इचारलंय? घाड्यान इचारला. घाडी ता इचारताच.”

“तांदूळ तुमच्या खिशात आधीपासून होते.”

“जत्रेच्या दिवशी ह्या गावात कोणाच्या खिशात तांदूळ नसतत, ता दाखवा माका.” ते रागावले नव्हते. कपबशी खाली ठेवून जरा पुढे झुकले. “मॅडम, तिका सांगा, पुढल्या हंगामाक ये. मानकऱ्यांशी मी रातीच बोललंय. कोणाची हरकत नाय.”

“कंपनीत बाई चालत नाही म्हणाला होतात.”

“चालणा नायच. पण आता लोकांनी आपल्या कानान ऐकल्यानी. तिनाच सांगितल्यान, उत्तम म्हणान.” त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले, गाठ सुटल्यासारखे. “आता काय अडचण? साडी नेस, कुंकू लाव, काय व्हया ता कर. मांडार येवक वाट झाली ना?”

मी विचारलं, “हे तुम्ही उठायच्या आधी ठरवलं होतं, की नंतर?”

“चहा गार होताहा,” आबा म्हणाले.

स्थानिक वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटोसकट आलं, गुरु-शिष्यांच्या जुगलबंदीने जत्रा रंगली म्हणून. माझा मजकूर रविवारी छापला गेला. त्यात दोघांचंही म्हणणं होतं. दोघांनाही तो आवडला नाही.

आबांचा निरोप मी उत्तराला फोनवर सांगितला.

“काय म्हणून घेणार?” तिने विचारलं.

“उत्तम म्हणून.”

“मी आधी विचारलं होतं, तेच देतोय तो,” ती म्हणाली. “लोक बसले तर बघू म्हणाला होता. बसले.”

तिने हडळीचा प्रयोग पुन्हा केला नाही. दोन तारखा लागलेल्या होत्या, त्या रद्द केल्या. आता ती नाटकांचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आहे. स्नेहसंमेलनांच्या दिवसांत फोन केला तर उचलत नाही. आबा सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हाही ती पाटवळला गेली नाही, किंवा गेली असेल तर मला माहीत नाही.

कंपनी आता आबांचा पुतण्या चालवतो. गेल्या मार्गशीर्षात मी दुसऱ्याच कामाने तिकडे गेले होते आणि जत्रेला थांबले. हडळीचंच आख्यान होतं. हडळीच्या कामाला नवा मुलगा होता, चांगला करतो. मांडावर तोच उंबरठा होता, कडांना पितळेची पट्टी मारलेली. घाडी झालेल्या एका नटाने नाव विचारलं आणि तो मुलगा सरळ उभा राहून लोकांकडे बघू लागला. मृदंग थांबला. जत्रा थांबली. कोणी खोकलं नाही. मग पुतण्या पुढच्या खुर्चीवरून उठला, उपरणं कमरेला बांधत, आणि लोकांनी टाळ्यांनी मांड डोक्यावर घेतला. माझ्या शेजारच्या माणसाने मला सांगितलं, की ह्या कंपनीची ही खास जागा आहे, लोक ह्यासाठी लांबून येतात. आबांची देणगी, तो म्हणाला.

परतल्यावर मी उत्तराला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं.

“गप्प किती वेळ राहतो?”

“थोडाच वेळ,” मी म्हटलं. “तुझ्याइतका नाही.”

त्यावर ती काही बोलली नाही. दुकानात शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मी मधे बोलले नाही.